देहद्वेषाचा आरोप आणि पहिल्या चार शतकांची साक्ष

ख्रिस्ती धर्म आणि कामजीवन यांविषयी आपल्याकडे एक समजूत इतकी रुळली आहे की तिच्याकडे कुणी पुरावा मागत नाही. ग्रीक-रोमन जग म्हणे देहाचा मोकळ्या मनाने आनंद घेत होते. मग ख्रिस्ती धर्म आला. त्याने देहाला पापाचे घर ठरवले, संभोगाला आदिपाप ठरवले, स्त्रीला मोहाचे दार ठरवले आणि विवाह ही दुबळ्यांसाठी ठेवलेली नाइलाजाची सवलत करून टाकली. एडवर्ड गिबनने १७७६ साली रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिताना आद्य ख्रिस्ती लोकांच्या ब्रह्मचर्याची खिल्ली उडवली. पुढच्या शतकात नीत्शेने कामभावना नासवल्याचा ठपका ख्रिस्ती धर्मावर ठेवला. हे दोन्ही सूर इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे झिरपले. आता ‘आमच्या खजुराहोच्या देशाला लाज शिकवली ती मिशनऱ्यांनी’ असे म्हणणारा परंपराभिमानी आणि ‘सगळ्या धर्मांनी बाईचा देह जखडला’ असे म्हणणारा पुरोगामी, दोघेही याच समजुतीवर विसंबून बोलतात.

या आरोपाचा मला प्रतिवाद करायचा आहे. त्यात जेवढे खरे आहे तेवढे आधीच मान्य करतो. आद्य ख्रिस्ती लेखकांपैकी अनेकांनी कामवासनेकडे संशयाने पाहिले, हे खरे. ब्रह्मचर्याचे स्थान विवाहाहून वर आहे असे बहुतेकांनी मानले, हेही खरे. पण देह मुळातच मलिन आहे, विवाह हे पापच आहे, मूल जन्माला घालणे हा सैतानी उद्योग आहे, ही मते चर्चची नव्हती. ती चर्चपुढे मांडली गेली, त्यांना अनुयायीही मिळाले, आणि चार शतके चर्चने ती पुन्हा पुन्हा नाकारून मांडणाऱ्यांना बाहेर काढले. आज ज्याला आरोपी म्हणून उभे केले जाते, तोच त्या खटल्यात फिर्यादी होता.

आधी रोमच्या त्या मोकळेपणाकडे पाहू. ऑगस्टसने इ.स.पू. १८ मध्ये व्यभिचाराविरुद्ध कायदा केला. व्यभिचार झाला की नाही हे त्यात स्त्रीच्या दर्जावरून ठरत असे. विवाहित नागरिक स्त्रीने परपुरुषाशी संबंध ठेवला तर ती आणि तो पुरुष गुन्हेगार. विवाहित पुरुषाने घरच्या दासीशी, दास मुलाशी किंवा वेश्येशी संबंध ठेवला तर कायद्याच्या लेखी काहीच घडलेले नसे. दासाला अब्रू नव्हती. त्याच्या देहावर परक्याने अत्याचार केला तर नुकसान मालकाचे मानले जाई. मालकाने केला तर प्रश्नच उद्भवत नसे. मुलीच्या विवाहाचे किमान वय बारा होते. नको असलेले अर्भक टाकून देण्याचा अधिकार बापाचा होता. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस इथे इ.स.पू. १ मधले एक पपायरसवरचे पत्र सापडले आहे. हिलारियन नावाचा माणूस अलेक्झांड्रियाहून आपल्या पत्नीला मायेने लिहितो, काळजी करू नकोस म्हणतो, आणि त्याच ओघात सांगतो की बाळंत होशील तेव्हा मुलगा असेल तर ठेव, मुलगी असेल तर टाकून दे.

टाकलेल्या त्या मुलींचे पुढे काय होत असे, ते जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने दुसऱ्या शतकाच्या मध्याला थेट सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनग्रंथात सांगितले आहे. त्या उचलून वेश्याव्यवसायासाठी वाढवल्या जातात, मुलगेही तसेच वाढवले जातात, आणि राज्य या धंद्यावर कर घेते. कुंटणखान्यात जाणारा बाप नकळत आपल्याच टाकलेल्या लेकरापाशी जात असेल, इथपर्यंत जस्टिनने लिहिले. म्हणून ख्रिस्ती माणूस अर्भक टाकत नाही, असा त्याचा निष्कर्ष. रोमचा मोकळेपणा हा स्वतंत्र, प्रौढ, ऐपतदार पुरुषाचा मोकळेपणा होता आणि त्याची किंमत दासी, दास आणि टाकलेली लेकरे मोजत होती. ज्यांना तो काळ देहाच्या सुखाचा वाटतो त्यांनी तो काळ एकदा दासीच्या जागी उभे राहून पाहावा.

संयमाची भाषाही ख्रिस्ती लोकांनी शोधलेली नाही. पहिल्या शतकातल्या मुसोनियस रूफस या स्टोइक तत्त्वज्ञाने संभोग फक्त विवाहात आणि तोही संततीसाठीच योग्य, असे शिकवले होते. दासीशी संबंध ठेवणाऱ्या मालकालाही त्याने दोषी धरले. दुसऱ्या शतकातला वैद्य सोरॅनस कायमचे कौमार्य स्त्रीच्या आरोग्याला हितकर मानत होता. म्हणजे ख्रिस्ती उपदेशकांनी जे निर्बंध सांगितले त्यांतले बरेचसे त्या काळच्या सुशिक्षितांच्या कानावर आधीच पडलेले होते. फरक एवढाच की मुसोनियसचे म्हणणे मोजक्या शिष्यांपुरते राहिले, आणि चर्चने तीच अपेक्षा चर्मकारापासून सिनेटरपर्यंत सगळ्यांपुढे ठेवली.

आता प्रेषित पौलाकडे येऊ, कारण आरोपाचा सगळा भार त्याच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायावर टाकला जातो. हे पत्र इ.स. ५० ते ६० या दशकातले. त्यातली दोन वाक्ये नेहमी उचलली जातात: पुरुषाने स्त्रीला स्पर्श न करणे बरे, आणि वासनेने जळण्यापेक्षा लग्न केलेले बरे. पण अध्याय वाचला की दिसते की पौल करिंथच्या मंडळीने पाठवलेल्या पत्राला उत्तर देतो आहे. स्पर्श न करण्याचे वाक्य त्या मंडळीचेच असावे, असे अनेक बायबल-अभ्यासक मानतात. तिथल्या काही उत्साही लोकांना वाटत होते की बाप्तिस्मा झाल्यावर नवरा-बायकोने वेगळे राहावे. पौल त्यांना अडवतो. एकमेकांना नाकारू नका, नाकारायचेच असेल तर दोघांच्या संमतीने आणि प्रार्थनेपुरते थोडा काळ, असे तो सांगतो. जोडीदार ख्रिस्ती नसला तरी तो नांदायला तयार असेल तर त्याला सोडू नका, असेही सांगतो. आणि मध्येच एक विधान येते ज्याने त्या काळचा कोणताही रोमन गृहस्थ दचकला असता. पत्नीच्या देहावर पतीचा अधिकार आहे, हे पौल म्हणतो; ते सगळे जगच म्हणत होते. पण लगेच पुढे तो म्हणतो की पतीच्या देहावर अधिकार पतीचा नसून पत्नीचा आहे. ऑगस्टसच्या कायद्यात या वाक्याला जागाच नव्हती.

पौल स्वतः अविवाहित होता आणि इतरांनीही तसे राहावे अशी त्याची पसंती होती. ती त्याने लपवली नाही. पण ही पसंती आपली आहे, प्रभूची आज्ञा नाही, हेही त्याने त्याच अध्यायात नोंदवले. जगाचा शेवट जवळ आला आहे या समजुतीने तो बोलत होता. शिवाय ब्रह्मचर्य ही प्रत्येकाला न मिळणारी देणगी आहे, हे त्याला ठाऊक होते. पेत्राला सासू होती हे शुभवर्तमानात लिहिलेले आहे, आणि पेत्र व इतर प्रेषित आपापल्या पत्नीला बरोबर घेऊन फिरतात याचा उल्लेख याच पत्रात पुढे येतो. विवाहाची लाज वाटणाऱ्या धर्माने या नोंदी जपून ठेवल्या नसत्या.

पौलानंतरच्या पिढ्यांत हा वाद पेटला आणि खरी साक्ष तिथेच मिळते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, लग्न करण्यास मनाई करणाऱ्यांपासून सावध राहा, असा थेट इशारा आहे. ते लोक काल्पनिक नव्हते. मार्सियन याने शिकवले की हे जग एका हलक्या देवाने निर्माण केले, म्हणून त्यात लेकरे वाढवू नयेत; त्याच्या पंथात संसारी जोडप्यांना बाप्तिस्माच मिळत नसे. रोमच्या मंडळीने १४४ साली त्याला बाहेर काढले. जस्टिनचाच शिष्य टेशियन याने पुढे विवाहाला भ्रष्टाचार आणि जारकर्म म्हटले. बिशप आयरेनियसने त्याची गणना पाखंड्यांत केली. क्रीटमधल्या क्नोसॉसचा बिशप पिनिटस आपल्या लोकांवर ब्रह्मचर्याचा आग्रह धरू लागला, तेव्हा करिंथचा बिशप डायोनिसियस याने सुमारे १७० साली त्याला पत्र लिहून बजावले की सक्तीचे हे जड ओझे भावांवर लादू नको, बहुसंख्यांच्या दुर्बलतेचा विचार कर. युसीबियसने आपल्या चर्चच्या इतिहासात या पत्राची नोंद ठेवली आहे. दोन बिशपांत वाद होतो आणि त्यात सौम्यपणाचा सल्ला देणारा बिशप इतिहासात आदराने नोंदवला जातो, ही गोष्ट देहद्वेषाच्या चित्रात बसत नाही.

सुमारे २०० साली अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने आपल्या ‘स्ट्रोमाटा’ या ग्रंथाचा संपूर्ण तिसरा भाग या प्रश्नाला दिला. त्याच्यासमोर दोन टोके होती: देह क्षुद्र आहे म्हणून त्याचे काहीही केले तरी चालते म्हणणारे, आणि देह क्षुद्र आहे म्हणून विवाह निषिद्ध म्हणणारे. दोघांचेही मूळ एकच आहे, दोघेही निर्मात्याचा अपमान करतात, हे त्याने दाखवले. ज्युलियस कॅसियानस याने जननेंद्रियांमुळे देवाला दोष दिला होता. क्लेमेंटने त्याला उत्तर दिले की निर्मिती चांगली आहे आणि जन्म पवित्र आहे. पत्नी, मुले आणि घरदार सांभाळत ईश्वराशी निष्ठा राखणाऱ्या गृहस्थाची कसोटी एकट्या माणसाहून कठीण असते, असेही त्याने लिहिले. क्लेमेंट स्वतः मोठा शिस्तखोर होता आणि संततीशिवाय संभोग त्याला मान्य नव्हता. तरीही विवाहाचा वकील म्हणून तो उभा राहिला.

या सगळ्यांत निर्णायक पुरावा चौथ्या शतकातला आहे. आशिया मायनरमधल्या गांग्रा इथे सुमारे ३४० साली बिशपांची सभा भरली. सेबास्टच्या युस्टाथियसचे अनुयायी तेव्हा कडक वैराग्याचा प्रचार करत होते. बायका नवऱ्यांना सोडून जात होत्या, आईबाप मुलांना वाऱ्यावर टाकत होते, विवाहित पुरोहिताच्या हातून प्रभुभोजन घ्यायला लोक नकार देत होते. सभेने वीस नियम केले. पहिलाच नियम असा की जो विवाहाला निंद्य ठरवतो आणि पतीबरोबर निजणाऱ्या श्रद्धावान स्त्रीला दूषणे देतो तो बहिष्कृत. विवाहित पुरोहिताला टाळणारा बहिष्कृत. विवाहाची किळस येते म्हणून कौमार्य पाळणारा बहिष्कृत. प्रभूसाठी कौमार्य पाळतो पण विवाहितांपुढे तोरा मिरवतो, तोही बहिष्कृत. वैराग्याच्या नावाखाली लेकरांची हेळसांड करणाऱ्या आईबापांनाही हीच शिक्षा. चर्चला देहाचा द्वेष शिकवायचा असता तर युस्टाथियसचे हे अनुयायी त्याचे आदर्श ठरायला हवे होते. चर्चने त्यांना शाप दिला.

आता विरोधी पक्षाचे बळकट मुद्दे घेतो. ते टाळले तर हा प्रतिवाद प्रामाणिक राहणार नाही. टर्टुलियनने स्त्रियांच्या वेशभूषेवर लिहिताना स्त्रीला सैतानाचे प्रवेशद्वार म्हटले. त्या वाक्याचे समर्थन कोणत्याही काळात होऊ शकत नाही. पण त्याच टर्टुलियनने आपल्या पत्नीला उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात, एकत्र प्रार्थना करणाऱ्या, एकमेकांपासून काही न लपवणाऱ्या, एकमेकांना शिकवणाऱ्या दांपत्याचे जे वर्णन केले आहे ते प्राचीन वाङ्मयातले विवाहाचे सर्वांत जिव्हाळ्याचे वर्णन म्हणावे लागेल. टर्टुलियन पुढे माँटॅनिस्ट या अतिकडक पंथाकडे झुकला आणि दुसऱ्या विवाहावर तुटून पडला.

लॅटिन धर्मपंडित जेरोमचा मुद्दा याहून मोठा. योव्हिनियन नावाच्या संन्याशाने रोममध्ये शिकवले की बाप्तिस्मा घेतलेली कुमारिका, विधवा आणि सौभाग्यवती यांची योग्यता सारखीच. पोप सिरिसियसने त्याला दोषी ठरवले, मिलानमध्ये बिशप अँब्रोझने त्याच्यावर बंदी घातली आणि जेरोमने ३९३ साली त्याच्याविरुद्ध ग्रंथ लिहून विवाहाची अक्षरशः नालस्ती केली. इथे आरोपकर्त्याची बाजू बरोबर आहे: योव्हिनियनवर अन्याय झाला, असे माझेही मत आहे. पण पुढे काय घडले तेही सांगितले पाहिजे. जेरोमच्या ग्रंथाने रोमच्या ख्रिस्ती समाजात संताप उसळला. जेरोमचा जवळचा मित्र, सिनेटर पॅमाकियस, याने त्या ग्रंथाच्या प्रती बाजारातून गोळा करण्याचा प्रयत्न केला आणि जेरोमला खुलासे लिहीत बसावे लागले. योव्हिनियनला शिक्षा करणाऱ्या सिरिसियसनेही त्याच पत्रात, विवाहाच्या शपथा आम्ही तुच्छ मानत नाही, असे नोंदवले. जेरोम हा चर्चचा आवाज होता असे म्हणणाऱ्याने, त्याच्याच सहधर्मीयांनी त्याला गप्प करण्याची धडपड का केली, याचे उत्तर द्यावे.

ऑगस्टिनवर तर सगळ्यांत जास्त खापर फोडले जाते. त्याने संभोगाला आदिपाप ठरवले, असे पाठ्यपुस्तकी वाक्य सर्रास लिहिले जाते. ते चुकीचे आहे. ऑगस्टिनच्या मते आदिपाप म्हणजे गर्वातून आलेली अवज्ञा. ती अवज्ञा होऊन पतन झाले नसते तरी एदेनमध्ये आदाम आणि हव्वा यांचा शरीरसंबंध झाला असता आणि त्यांना मुलेही झाली असती, असे त्याने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या चौदाव्या भागात स्पष्ट मांडले. त्याच्या आधीच्या कित्येक धर्मपंडितांना स्वर्गीय बागेत लैंगिकतेची कल्पनाच सहन होत नव्हती. ऑगस्टिनने ती तिथे नेऊन ठेवली. तरुणपणी नऊ वर्षे तो मानीच्या पंथात श्रोता म्हणून वावरला होता. मूल होणे म्हणजे प्रकाशाचे कण मांसात कोंडणे, असे तो पंथ मानी. ते सोडून आलेल्या ऑगस्टिनने सुमारे ४०१ साली विवाहाच्या हितावर ग्रंथ लिहिला, तो जेरोमने केलेली नासधूस भरून काढण्यासाठी. योव्हिनियनला उत्तर देताना लोक विवाहाची निंदा करू लागले आहेत आणि तशी निंदा न करताही कौमार्याची थोरवी सांगता येते, ही त्याची भूमिका होती. संतती, निष्ठा आणि अतूट बंधन ही विवाहाची तीन हिते त्याने सांगितली. मूलबाळ नसलेल्या वृद्ध जोडप्याचा सहवासही विवाह म्हणून पूर्ण आहे, हेही सांगितले.

आणि एक गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून ध्यानात घ्यावी. ४१० साली रोम लुटले गेले तेव्हा अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले. रोमन परंपरेचा आदर्श होता लुक्रेशिया: बलात्कारानंतर आत्महत्या करून अब्रू राखणारी कुलीन स्त्री. ऑगस्टिनने ‘देवाचे नगर’च्या पहिल्याच भागात हा आदर्श मोडीत काढला. शील मनाचा गुण आहे, दुसऱ्याच्या बळजबरीने ते जात नाही, आणि ज्या स्त्रिया जिवंत राहिल्या त्यांनी कुणाच्या पापाचे प्रायश्चित्त आपल्या प्राणांनी देण्याचे कारण नाही, असे त्याने लिहिले. ज्या समाजात आजही बलात्कारित मुलीची ‘इज्जत गेली’ असे सहज म्हटले जाते, त्या समाजाने सोळाशे वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद देहद्वेष्ट्याचा म्हणून फेटाळू नये.

ऑगस्टिनचा दोष खरोखर जिथे आहे तिथेच तो दाखवावा. पतनानंतरची कामेच्छा इच्छाशक्तीला जुमानत नाही, म्हणून तिला तो रोग समजला, आणि संततीच्या हेतूवाचून होणाऱ्या पती-पत्नीच्या समागमालाही त्याने क्षम्य का होईना, पाप म्हटले. याला इक्लॅनमचा बिशप ज्युलियन याने कडाडून विरोध केला. ज्युलियन हा बिशपाचा मुलगा; त्याच्या लग्नाचे मंगलगीत नोलाच्या पॉलिनस या संताने रचले होते. कामेच्छा ही निर्मात्याने दिलेली स्वाभाविक शक्ती आहे, या मुद्द्यावर मी ज्युलियनच्या बाजूने आहे. पश्चिमेत ऑगस्टिन जिंकला आणि त्याचे ओझे शतकानुशतके अनेक जोडप्यांनी वाहिले. मात्र पूर्वेकडच्या चर्चने त्याचा हा सिद्धांत त्या रूपात कधी स्वीकारला नाही. एका लॅटिन धर्मपंडिताच्या एका मताला संपूर्ण आद्य ख्रिस्ती धर्म म्हणणे हे अभ्यासकाला शोभत नाही.

ब्रह्मचर्याच्या गौरवाकडेही आपण चुकीच्या बाजूने पाहतो. ऑगस्टसच्या कायद्यांनी २० ते ५० वयाच्या स्त्रीला आणि २५ ते ६० वयाच्या पुरुषाला विवाहित असणे भाग पाडले होते. अविवाहितांचा वारसाहक्क मारला जात असे, आणि विधवेलाही ठरावीक मुदतीत पुन्हा लग्न करावे लागे. बाईचे गर्भाशय ही राज्याची मालमत्ता होती. कॉन्स्टंटाइनने ३२० साली अविवाहितांवरचे हे दंड रद्द केले. त्यामुळे ‘मी लग्न करणार नाही’ असे म्हणण्याची जागा स्त्रीला मिळाली. मॅक्रिना हिने नियोजित वर वारल्यावर दुसरे स्थळ नाकारले आणि आश्रम उभा केला. बिशप बेसिल आणि निसाचा ग्रेगरी हे तिचे भाऊ; ग्रेगरी तिला गुरू मानत असे. कॉन्स्टँटिनोपलची ऑलिंपियास तरुणपणीच विधवा झाली. सम्राट थिओडोसियसने आपल्या नातलगाशी लग्न करण्याचा तिला आग्रह केला, तो तिने धुडकावला, तेव्हा त्याने तिची अफाट संपत्ती देखरेखीखाली ठेवली. ती नमली नाही. पुढे संपत्ती परत मिळाली आणि ती तिने गरिबांसाठी खर्च केली. या स्त्रियांना देहाची घृणा होती म्हणून त्या अशा वागल्या, असे समजणे हा त्यांच्या निर्णयशक्तीचा अपमान आहे. कौमार्यव्रत मुलींवर लादले जाण्याचा धोका होताच, आणि बेसिलने तो ओळखला होता. आईबाप व भाऊ स्वतःच्या लाभासाठी मुलींना लहान वयात व्रताला आणतात, म्हणून सोळा-सतरा वर्षांची होऊन तिने स्वतः निर्धार सांगितल्याशिवाय आणि कसून चौकशी केल्याशिवाय तिचे व्रत मानू नये, असा नियम त्याने लिहून ठेवला.

या शिकवणुकीतले सर्वांत क्रांतिकारक कलम पुरुषाला लागू होते. लॅक्टॅन्शियसने चौथ्या शतकाच्या आरंभी लिहिले की निष्ठेचे बंधन पतीवर पत्नीइतकेच आहे. नाझियान्झसच्या ग्रेगरीने सुमारे ३८० साली प्रवचनात सांगितले की कायदे पुरुषांनी केले, म्हणून ते बायकांच्या विरोधात आहेत. हा कायदा मला मान्य नाही, असे तो म्हणाला. जॉन क्रिसोस्टोमने श्रीमंत श्रोत्यांना तोंडावर बजावले की दासीशी किंवा वेश्येशी निजणारा विवाहित पुरुष व्यभिचारीच आहे, राज्याचा कायदा काहीही म्हणो. आणि विवाहाचा निंदक जेरोम? दुराचारी नवऱ्याला सोडून आलेल्या, पुढे रोममध्ये रुग्णालय उभारणाऱ्या फॅबिओलाविषयी लिहिताना त्यानेही हेच म्हटले: सीझरचा कायदा पुरुषाला मोकळा सोडतो, आमच्याकडे जे स्त्रीला वर्ज्य ते पुरुषालाही वर्ज्य.

ही शिकवण आचरणात पूर्ण उतरली नाही. बेसिलने कबूल केले की प्रभूचे वचन दोघांना सारखेच लागू आहे, पण रूढी तशी नाही, आणि प्रायश्चित्ते ठरवताना त्याने रूढीपुढे मान तुकवली. दासांच्या बाबतीतले अपयश तर लाजिरवाणे आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधल्या एल्व्हिरा सभेने, रागाच्या भरात दासीला मरेपर्यंत मारणाऱ्या मालकिणीला फक्त पाच ते सात वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले. चर्चने गुलामगिरी मोडली नाही, आणि दासांचे देह मालकाच्या ताब्यात राहिले तोवर समतेचे वचन अर्धेच राहिले. तरी बेसिलने लिहिलेच की मालकाने बळजबरी केलेली दासी निर्दोष आहे. आणि ४२८ साली थिओडोसियस दुसरा याने कायदा केला की मुलीला किंवा दासीला वेश्याव्यवसायात ढकलणारा बाप किंवा मालक तिच्यावरचा हक्क गमावेल. दासीच्या नकाराला राज्याने कायद्याचे बळ देणे, ही रोमच्या इतिहासात नवी गोष्ट होती.

धर्मगुरूंच्या विवाहाचा वादही याच काळातला. एल्व्हिराच्या सभेने पुरोहितांनी पत्नीपासून दूर राहावे असे म्हटले, सिरिसियसने ३८५ साली तीच भूमिका घेतली आणि पश्चिमेत ती रुजली. पूर्वेने विवाहित पुरोहित ठेवले. लिबियातल्या टॉलेमाइस इथे सुमारे ४१० साली सिनेसियसची बिशपपदासाठी निवड झाली तेव्हा त्याने उघड पत्र लिहून कळवले की मी पत्नीला सोडणार नाही, तिला चोरूनही भेटणार नाही, आणि मला पुष्कळ मुले व्हावीत अशी माझी इच्छा आहे. तरीही त्याला बिशप केले. आज वसईच्या कॅथलिक चर्चमधले फादर ब्रह्मचारी असतात, नगरच्या प्रॉटेस्टंट मंडळीतले पाळक संसारी असतात आणि केरळच्या सिरियन ऑर्थोडॉक्स पुरोहितांना बायकामुले असतात. एकाच धर्मातल्या या विविधतेची मुळे त्या जुन्या वादापर्यंत जातात.

देहाविषयी धर्म काय बोलतो याकडे संशयाने पाहायला मराठी वाचकाला र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ने १९२७ ते १९५३ या काळात शिकवले. तो संशय निरोगी आहे आणि तो टिकावा. पण संशय घेणाऱ्यानेही दप्तर तपासूनच निवाडा द्यायचा असतो. आद्य ख्रिस्ती शिकवणुकीवर आरोप ठेवायचे असतील तर ते जरूर ठेवा: वासनेवरचा अतिसंशय, योव्हिनियनवरचा अन्याय, टर्टुलियनचे शब्द, दासींच्या बाबतीतला कचखाऊपणा. यांपैकी एकही आरोप मी नाकारत नाही. पण ‘विवाह पाप आहे’ असे तिने शिकवले, हा आरोप टिकत नाही. ते शिकवणाऱ्यांना तिने मार्सियनपासून युस्टाथियसच्या अनुयायांपर्यंत एकेक करून नाकारले. आणि ज्या पुरुषाला दासी-वेश्यांशी ठेवलेल्या संबंधांबद्दल रोमच्या कायद्याने जाब विचारला नव्हता, त्याला तिने पत्नीच्या बरोबरीने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. इतिहासात तिची नोंद याच शब्दांत झाली पाहिजे.